मुरूड ते सातारा, ११० मैल

सदाशिव पेठेतल्या माणसाला कोकण आवडतं म्हणजे बहुतेक वेळा उकडीचे मोदक, सोलकढी आणि संध्याकाळी समुद्रावरची एक चक्कर आवडते. त्यामुळे "केळशी ते मुरूड किनाऱ्या-किनाऱ्याने एका दिवसात चालत जाणार आहोत" असं मी घरी जाहीर केलं तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, "का रे? एस्टी बंद आहे का?"

प्रश्न चेष्टेचा होता, पण दिवसभर डोक्यात राहिला. कारण आम्ही जिथे पोचणार होतो त्याच मुरूडहून दीडशे वर्षांपूर्वी एक मुलगा खरोखर चालत निघाला होता, आणि तो काही ट्रेकला निघाला नव्हता. (हे मुरूड दापोलीजवळचं, रत्नागिरी जिल्ह्यातलं. जंजिऱ्याचं मुरूड वेगळं, ते रायगड जिल्ह्यात.)

आधी आमच्या चालण्याबद्दल. पाच जण, सगळे आयटीवाले, सगळ्यांची पोटं थोडीफार सुटलेली. किनाऱ्याने चालायचं तर भरती-ओहोटीचा हिशेब हवा, नाहीतर ओल्या घट्ट वाळूऐवजी वरची भुसभुशीत वाळू तुडवावी लागते आणि तासाभरात पिंढऱ्या बोंब मारतात. कोकणातला जुना हिशेब फार सुंदर आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. एका ओळीचा अल्गोरिदम, बॅटरी लागत नाही. आम्ही डिसेंबरातली अष्टमीला लागून आलेली सुट्टी गाठली आणि सकाळी सातला केळशीहून निघालो.

केळशी, आडे, आंजर्ले, हर्णै, मुरूड. समुद्र कायम उजव्या हाताला, त्यामुळे चुकायची सोय नाही. मधे डोंगराची सोंड समुद्रात घुसली की वाळू सोडून रस्त्यावर चढायचं, खाडी आली की पूल शोधायचा, परत वाळूवर उतरायचं. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला खालूनच नमस्कार केला, कारण वर चढून यायची कोणाची तयारी नव्हती. हर्णैला समोर सुवर्णदुर्ग दिसला आणि आमच्यातल्या किल्लेवाल्या मित्राने १७५५ सुरू केलं: पेशव्यांनी तुळाजी आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांना बरोबर घेतलं आणि कमोडोर जेम्सने हा किल्ला पाडाव केला, वगैरे. गोष्ट महत्त्वाचीच आहे. पण किल्ल्यांची गोष्ट सांगायला प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण असतोच. मला सांगायची आहे ती गोष्ट पुढच्या गावातली, आणि तिच्यात तोफ नाही.

मुरूडला पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. मोबाईलने चोवीस किलोमीटर दाखवले. दुर्गादेवीच्या देवळाच्या आवारात बूट काढून बसलो आणि पुढची पंधरा मिनिटं कोणी बोललं नाही.

आता तो मुलगा. धोंडो केशव कर्वे. जन्म १८५८चा, शेरवलीचा, आजोळी, वाढला मुरूडला. घरची परिस्थिती बेताची. मराठी सहावीची परीक्षा पास झालं की सरकारी नोकरीचं दार थोडं उघडायचं. कारकुनी म्हणा, मास्तरकी म्हणा. पण परीक्षा मुरूडला नव्हती. ती द्यायला गाठायचं होतं सातारा. दिवस पावसाचे. अशा दिवसांत कोकणातल्या माणसाचा नेहमीचा रस्ता, म्हणजे समुद्र, बंद असतो. (आजही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते.) कोकण रेल्वे पुरी व्हायला १९९८ उजाडायचं होतं, आणि झाली तीही दापोलीला बगल देऊनच. तेव्हा उरले पाय. धोंडो आणि काही सोबती मुसळधार पावसात, जंगलातून, कुंभार्ली घाट चढून सातारला गेले. ११० मैल. हे त्यांनी स्वतःच 'आत्मवृत्त'मध्ये लिहून ठेवलंय.

११० मैल म्हणजे १७७ किलोमीटर. आमच्या त्या दिवसाच्या वेगाने सात दिवसांहून जास्त. आणि आमचा रस्ता सपाट, कोरडा. पाठीवर पाणी, खिशात चिक्की, आणि दमलो तर आईने सांगितलेली एस्टी.

सातारला काय झालं? परीक्षा घेणाऱ्यांना मुलगा फार लहान दिसला. वय वर्षं सतरा पूर्ण हवं होतं. त्याचं होतं, पण तो तेवढा दिसत नव्हता. बसू दिलं नाही. आल्या पावली परत.

ही गोष्ट आपल्याकडे साधारणपणे "बघा, पूर्वीची माणसं किती काटक होती" अशी सांगितली जाते. मला ते पटत नाही. काटकपणाचं कौतुक केलं की गोष्टीतला खरा मुद्दा निसटतो. ती ११० मैल म्हणजे परीक्षेचा न छापलेला पहिला पेपर होता. मुरूडच्या मुलाला तो द्यावा लागला, सातारच्या मुलाला नाही. मुलींना तर तो पेपरही मिळत नव्हता. आणि जे चालूच शकले नाहीत त्यांचं आत्मवृत्त आपल्याकडे नाही.

पुढचं आयुष्य या नजरेने वाचून बघा. १८८४ साली एल्फिन्स्टनमधून बी.ए., १८९१ला पुण्यात फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक. पहिली पत्नी वारल्यावर १८९३ साली त्यांनी गोदूबाईंशी, म्हणजे एका विधवेशी लग्न केलं, आणि मुरूडने त्यांच्या घरावर बहिष्कार टाकला. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम सुरू झाला. पुढे रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी हिंगण्याची सहा एकर जागा आणि ७५० रुपये दिले आणि १९०० साली आश्रम तिथे एका झोपडीत गेला. हिंगणे तेव्हा पुण्याबाहेरचा माळ. कर्वे दिवसभर फर्ग्युसनमध्ये शिकवून रोज संध्याकाळी तिथे चालत जायचे. आज त्याच हिंगण्याला आपण कर्वेनगर म्हणतो आणि पेठेतून तिथे जाताना सिग्नलला कुरकुरतो.

आश्रम म्हणजे काय, तर शिकायचंय तिला राहायला जागा. शाळा असून भागत नाही, तिथपर्यंत पोचून टिकता आलं पाहिजे. हे ज्याने सातारची वाट तुडवली त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. १९१६चं महिला विद्यापीठ सगळ्यांना माहीत असतं. मला मात्र १९३६ जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. उद्देश एवढाच, की ज्या खेड्यात लोकल बोर्डाची शाळा नाही तिथे शाळा सुरू करायची. म्हणजे मुलाने शाळेकडे चालायचं नाही, शाळेने मुलाकडे यायचं.

१९५८ साली, शंभरी गाठल्यावर, भारतरत्न मिळालं. १९६२ साली गेले.

पुण्यात त्यांच्या नावाचा रस्ता आहे, नगर आहे, संस्था आहेत. पण त्यांच्या कामाचं मूळ समजून घ्यायचं असेल तर मला वाटतं एकदा मुरूडला जावं आणि दापोलीच्या दिशेने चढणारा रस्ता नुसता बघावा. पुढे खेड आहे, चिपळूण आहे, मग कुंभार्ली, मग पलीकडे पाटण आणि सातारा. आपण हौसेने चालतो ते छानच आहे, जरूर चालावं. फक्त "का? एस्टी बंद आहे का?" हा प्रश्न ज्यांच्यासाठी अजूनही चेष्टेचा नाही अशी मुलं आज कुठे कुठे शाळेला निघाली असतील, हेही अधूनमधून आठवावं.