ट्रॉलीचे मागचे लाइट लागत नाहीत? जुन्या ट्रॅक्टरला सात पिनांचे सॉकेट असे बसवा

नशिराबाद : जळगाव-भुसावळ दरम्यान राष्ट्रीय महामार्ग ५३ वर (जुना क्रमांक ६) नशिराबाद लागते. शेतातून कापूस, मका, केळी भरून निघालेल्या ट्रॉल्यांना या रस्त्यावर यावेच लागते. भरलेल्या ट्रॉलीआड ट्रॅक्टरचे मागचे दिवे झाकले जातात. ट्रॉलीला स्वतःचे दिवे नसतील तर अंधारात मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ती अगदी जवळ आल्यावरच दिसते. नियमानुसार सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने वाहनाचे दिवे लागलेलेच हवेत.

कोणत्या पिनला काय?
सॉकेट ट्रॅक्टरला आणि प्लग ट्रॉलीच्या केबलला बसतो. पिनांचे नंबर त्यावरच कोरलेले असतात. १२ व्होल्टची नेहमीची जोडणी अशी :

१ – डावा इंडिकेटर
२ – मागचा फॉग लाइट (नसेल तर रिकामी ठेवावी)
३ – अर्थिंग
४ – उजवा इंडिकेटर
५ – उजवा टेललाइट
६ – ब्रेकलाइट
७ – डावा टेललाइट

जुन्या ट्रॅक्टरमध्ये वायरिंग अनेकदा बदललेले असते, म्हणून वायरच्या रंगावर विसंबू नये. एकेक खटका चालू करून टेस्ट लॅम्पने वायर ओळखावी आणि चिठ्ठी चिकटवावी. त्यानंतर बॅटरीची अर्थिंगची वायर काढूनच जोडणीला हात घालावा.

अर्थिंग वेगळी ओढा
बहुतेक तक्रारी इथेच असतात. हूकच्या पिनवर ग्रीस आणि गंज असतो, त्यातून अर्थिंग नीट मिळत नाही. मग ब्रेक दाबला की टेललाइट मंद होतो किंवा दोन्ही इंडिकेटर एकदम लुकलुकतात. त्यासाठी ३ नंबरच्या पिनवरून ट्रॉलीच्या प्रत्येक दिव्यापर्यंत स्वतंत्र वायर न्यावी. दिव्यांना १.५ आणि अर्थिंगला २.५ चौरस मिलिमीटरची वायर पुरते.

फ्यूज आणि फ्लॅशर
२१ वॅटचा एक बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर घेतो. ट्रॅक्टरचे दोन आणि ट्रॉलीचा एक, असे एका बाजूला तीन इंडिकेटर झाले की सव्वापाच अँपिअर होतात. जुना फ्लॅशर तेवढ्यासाठी नसतो, म्हणून जास्त वॅटचा घ्यावा. एलईडी दिवे लावल्यास इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लागतो. ट्रॉलीच्या लाइनला वेगळा फ्यूज टाकावा. फ्यूज उडाला म्हणून तिथे तार गुंडाळू नये, वायरिंग पेटते.

ब्रेकचे काय?
सॉकेटने फक्त दिवे चालतात, ट्रॉली थांबत नाही. अमेरिकेत पिकअपला ब्रेक कंट्रोलर लावतात, पण तिथल्या ट्रेलरच्या चाकांत विजेवर चालणारे ब्रेक असतात. आपल्याकडच्या साध्या ट्रॉलीत ते नसतात, त्यामुळे असा कंट्रोलर आणून उपयोग नाही. ट्रॉलीला ब्रेक नसतील तर सगळा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येतो. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पॅडल पट्टीने जोडलेलेच हवेत. एकच पॅडल दाबले गेले तर ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो. ब्रेकलाइटचा खटका एकाच पॅडलवर असेल आणि दुसरेच दाबले गेले, तर लाइटही लागत नाही. उतारावर आधीच खालचा गिअर टाकावा, न्यूट्रल करू नये.

निघण्यापूर्वी दोन मिनिटे
वळताना केबल ताणली जाणार नाही इतकी ढील ठेवावी, पण ती चाकाला किंवा पीटीओला लागता कामा नये. एकाने खटके दाबावेत, दुसऱ्याने मागे उभे राहून टेललाइट, ब्रेक, डावा-उजवा इंडिकेटर पाहावा. दिव्यांवरची माती पुसावी. मागच्या फळीवर लाल रिफ्लेक्टर पट्टी लावावीच. रस्त्यात बॅटरी बसली तरी मागच्या गाडीच्या उजेडात ती पट्टी चमकते.