हवेची गुणवत्ता, मुंबईतील : मापन व महापालिकेचे उपाय

शहरी हवेतील प्रदूषकांचे नियमित मापन करून ती आरोग्यास निर्धोक ठेवण्याची व्यवस्था. हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९८१ अन्वये कारखान्यांवरील नियंत्रण राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असते. रस्ते, बांधकाम परवाने, कचरा आणि राडारोडा मात्र महापालिकेच्या अखत्यारीत येतात. त्यामुळे धुळीचा बंदोबस्त मुख्यतः तिच्याच हाती आहे.

मापन : मुंबईत प्रदूषण मंडळाच्या केंद्रांबरोबरच २०१५ पासून पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेची ‘सफर’ यंत्रणा हवा मोजते. स्वयंचलित केंद्रांत साधारणपणे वापरले जाणारे यंत्र हवा ओढून घेऊन गाळण-कागदाच्या पट्टीतून सोडते. पट्टीवर साचलेली धूळ बीटा किरण किती अडवते, त्यावरून तिचे प्रमाण ठरते. पीएम २.५ या सूक्ष्म कणांची वार्षिक सरासरी दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावी, असे राष्ट्रीय मानक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ही मर्यादा ५ सुचवली. हवेचा गुणवत्ता निर्देशांक २०० च्या पुढे गेला की हवा ‘वाईट’ गणली जाते.

उपाय : पावसाळा सरल्यावर वारे मंदावतात आणि धूळ जमिनीलगत साचून राहते. २५ ऑक्टोबर २०२३ रोजी महापालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली. ७० मीटरपेक्षा उंच इमारतीभोवती किमान ३५ फूट उंच पत्रे, इमारतीला चहूबाजूंनी हिरवे कापड वा ताडपत्री, पाडकामावर सतत पाण्याची फवारणी आणि जागेवरच प्रदूषणमापक संवेदक बंधनकारक झाले. राडारोड्याचा ट्रक ताडपत्रीने झाकून, चाके धुऊनच रस्त्यावर आणायचा. तपासणीसाठी विभागवार पथके नेमण्यात आली. डिसेंबर २०२४ मध्ये भायखळा व बोरिवली पूर्व येथील निर्देशांक सतत २०० च्या वर राहिल्याने तेथील बांधकामे काही काळ थांबवण्यात आली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड व कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळवण्यास सांगितले.

मूल्यमापन : बांधकाम थांबवल्याने धूळ तेवढ्यापुरती बसते; बंदी उठताच पत्रे, फवारणी आणि झाकलेले ट्रक यांवर रोजची देखरेख हवी. परवाना देणारी संस्थाच तो रोखू शकते, म्हणून या देखरेखीची पहिली जबाबदारी महापालिकेची आहे.