आज्ञावलीतल्या झोपलेल्या खुणा

परीक्षानळीतल्या चमचाभर गरम पाण्यात तापमापी बुडवली, की ती थोडी उष्णता स्वतःच घेते. आपण मोजतो ते पाणी आधीचे राहत नाही. चालू आज्ञावलीत डोकावतानाही हीच अडचण येते. आत काय घडते ते कळावे म्हणून आपण जागोजागी 'हे छापा' अशी आज्ञा घालतो. छापण्यात वेळ जातो, कामांचा क्रम बदलतो आणि कधीकधी शोधत असलेली चूकच दिसेनाशी होते. मग निरीक्षणाची सोय करायची कशी?

४ जुलै १९९७ रोजी पाथफाइंडर यान मंगळावर उतरले. काही दिवसांतच त्याचा संगणक मधूनच बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला. यानाच्या आज्ञावलीत नोंदी करणाऱ्या खुणा अभियंत्यांनी मुद्दामच राहू दिल्या होत्या. जे तपासले तेच पाठवायचे, हे त्यांचे तत्त्व. ढीगभर नोंदी मंगळावरून मागवणे शक्य नव्हते. म्हणून पृथ्वीवरच्या प्रतिकृतीवर तीच कामे पुन्हापुन्हा करून पाहिली. अठरा तासांच्या आत तोच बिघाड झाला. नोंदींवरून कारण उलगडले. हवामानाची माहिती जमवणारे दुय्यम काम एक सामायिक साधन अडवून बसे. त्याला मध्यम महत्त्वाची कामे पुढे जाऊ देत नसत. त्यामुळे सर्वांत महत्त्वाचे काम ताटकळत राही. दुरुस्ती पृथ्वीवरून पाठवली गेली.

लिनक्सचा गाभा मात्र असंख्य संगणकांवर चालतो. तिथे प्रत्येक खुणेपाशी 'नोंद करायची का?' असे विचारण्यातही वेळ जातो, म्हणून गाभा सांभाळणाऱ्यांचा खुणांना विरोध होता. माँट्रियलच्या मातिय देन्वाये यांनी तयार केलेल्या खुणा जानेवारी २००८ मध्ये गाभ्यात आल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात 'ट्रेसपॉइंट' ही सुधारित रचना आली. तीत कोणती माहिती नोंदायची ते आधीच जाहीर करावे लागते, त्यामुळे चुकीच्या प्रकारची माहिती भाषांतरक, म्हणजे कंपायलर, तिथेच पकडतो. जानेवारी २०११ मध्ये आणखी एक युक्ती गाभ्यात आली. खुणेच्या जागी 'काही करू नको' अशी आज्ञा असते. इंटेलच्या प्रक्रियकांवर ती तेव्हा पाच बाइटची असे. निरीक्षण सुरू केले, की चालू आज्ञावलीतच तिच्या जागी नोंदीकडे उडी मारणारी आज्ञा बसवली जाते. काम झाले, की खूण पुन्हा झोपते.

किंमत अशी नगण्य झाली, तरी एक प्रश्न उरतो. खूण नेमकी कुठे असावी? ते यंत्र ठरवू शकत नाही. आज्ञावली लिहिणाऱ्यानेच, चूक होण्याआधी, ते ठरवायचे असते.