घोडदळाचा तळ आणि गावाचे गवत : हिंगोली परिसरातील काही शब्दांचा इतिहास

हिंगोली शहरात आज घोडदळ नाही. तथापि रिसाला, पलटण, तोफखाना, पेन्शनपुरा आणि सदर बाजार ही वस्त्यांची नावे तेथे अद्याप रोजच्या बोलण्यात आहेत. काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गात मी ‘रिसाला’ या शब्दाचा अर्थ विचारला असता एका विद्यार्थ्याने ‘मोहल्ल्याचे नाव’ असे उत्तर दिले, आणि उर्दू माध्यमातून आलेल्या दुसऱ्याने ‘मासिक’ असे सांगितले. दोघांचेही बरोबर होते. अरबीत ‘रिसाला’ म्हणजे पाठविणे, पाठविलेली वस्तू. त्यावरून पत्र व ग्रंथ असा एक अर्थ निघाला, आणि कामगिरीवर धाडलेली तुकडी असा दुसरा. घोडेस्वारांची तुकडी हा अर्थ मात्र वर्गात कोणालाच आठवला नाही. ज्या शब्दाखाली एके काळी शेकडो घोडी बांधली जात, त्यातून घोडे तेवढे निघून गेले आहे.

प्रस्तुत टिपणाचा विषय हिंगोली भागातील लष्करी इतिहासाची संपूर्ण हकीकत हा नाही. डोंगराळ व रानाच्या मुलखात घोड्यांसह तळ देणे म्हणजे काय असते, त्याचा भार कोणावर पडत असे, आणि त्याची खूण भाषेत कोठे उरली आहे, एवढ्याच प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याच्या उत्तरेस पैनगंगा, दक्षिणेकडील वसमतच्या बाजूस पूर्णा, आणि मध्ये हिंगोली शहराजवळून वाहणारी कयाधू. उत्तरेकडे अजिंठ्याच्या रांगेचे फाटे उतरत येतात. नदीच्या आसपास सागाचे व काटेरी झुडपांचे पानझडी रान लागते. हा मुलूख घोडदळास सोयीचा नव्हे. नाल्यांनी चिरलेल्या उतारावर घोड्यास दौड घेता येत नाही. काळी जमीन पावसाळ्यात खूर धरून ठेवते, आणि उन्हाळ्यात तिला पडलेल्या भेगांत घोड्याचा पाय मोडतो. म्हणून तळासाठी जागा पाहावयाची ती मुरमाड, थोड्या उताराची आणि पाणवठ्याजवळची. मराठी फौजेत पुढे जाऊन ही जागा पाहण्याचे काम बिनीच्या तुकडीकडे असे. ‘बिनीवाले’ हे आडनाव त्याच कामाचे स्मरण होय.

जागेपेक्षाही बिकट प्रश्न पोटाचा. एका घोड्यास दिवसाला साधारणतः पंचवीस ते चाळीस लिटर पाणी लागते आणि आठ-दहा किलो सुका चारा; दाणा निराळा. पाचशे घोड्यांच्या तळाचा हिशेब केला तर चाऱ्याचेच वजन रोजचे चार-पाच हजार किलो होते. माणसाची शिधासामग्री बैलांच्या पाठीवरून दुरून आणता येते. गवत आणता येत नाही, कारण वाटेत बैलच त्यातले बरेचसे खातात. तेव्हा ज्या रानात तळ, त्याच रानाचे गवत, हा नियम अटळ ठरतो. आणि रानातले गवतही बारमाही नसते. मारवेल, पवन्या, हरळी ही चांगली. पण कुसळी गवतास कुसळे आली की ती जनावराच्या तोंडात रुततात. दसऱ्यानंतर काही महिने रान भरलेले असते. होळीनंतर जे उरते ते गावकऱ्यांनी कापून रचलेल्या गंजीत, म्हणजेच कोणाच्या तरी मालकीचे.

या वस्तुस्थितीच्या पार्श्वभूमीवर ‘छावणी’ हा शब्द पाहिला पाहिजे. आजच्या वाचकास छावणी म्हटले की लष्कराचे कायमचे ठाणे आठवते, आणि हा अर्थ जुन्या कागदांवर लादल्यामुळे आपल्या विद्यार्थ्यांच्या वाचनात वारंवार चूक होते. ‘छद्’ म्हणजे झाकणे या धातूपासून आच्छादन आणि छत्र हे शब्द झाले, आणि छावणीही त्याच कुळातील. छावणी म्हणजे मुळात छपराखालचा मुक्काम, अर्थात पावसाळ्याचा मुक्काम. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या लष्कराचे जे वर्णन आहे त्यात हा अर्थ स्वच्छ दिसतो. पावसाळा आला की फौज स्वदेशी छावणीस यावयाची. तेथे दाणा, वैरण, औषधे सिद्ध असावयाची आणि घोड्यांसाठी व माणसांसाठी गवताने शाकारलेली घरे तयार असावयाची. दसरा होताच छावणी मोडून मुलूखगिरीस निघावयाचे. याच बखरीत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद सांगितला आहे. पंचवीस घोड्यांचे पाणी वाहण्यास एक स्वतंत्र माणूस नेमावा लागे, ही गोष्ट वर केलेल्या हिशेबाशी ताडून पाहण्यासारखी आहे.

अशा छावणीचा भार कसा पडतो याचे सर्वांत बोलके साधन म्हणजे १६७३–७४ च्या सुमाराचे, चिपळूणच्या परिसरात पावसाळ्यासाठी उतरलेल्या पागेच्या अंमलदारांस गेलेले शिवाजी महाराजांचे पत्र. ते सह्याद्रीच्या पायथ्याचे आहे, हिंगोलीचे नव्हे. परंतु डोंगररानातील घोड्यांच्या तळाविषयी मराठीत याहून नेमका कागद मला ठाऊक नाही. पत्राचा आशय असा की, दाणा आणि गवत आताच वाटेल तसे उधळाल तर ऐन पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी मरू लागतील. मग तुमचे लोक कुणब्याच्या घरी जाऊन कोणी धान्य, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकूड, कोणी भाजीपाला आणू लागतील, आणि आहेत तेही कुणबी परागंदा होतील. पुढे आगीची ताकीद आहे. पेटती वात उंदीर ओढून नेईल, गवतास आग लागेल आणि सारी पागा जळेल, इतक्या बारकाव्याने ती दिलेली आहे. बहुतेक अभ्यासक या पत्राकडे प्रजाहितदक्षतेचा पुरावा म्हणून पाहतात, आणि ते योग्यच आहे. माझ्या मते त्याचे दुसरेही मोल आहे. पागेचा नाश आणि गावाचा नाश ही एकाच गवताच्या हिशेबाची दोन टोके आहेत, हे ते पत्र लिहिणाऱ्यास पुरते ठाऊक होते.

जेथे ही ताकीद नव्हती, तेथे गवताची मागणी कर होऊन बसली. ‘घासदाणा’ या शब्दाचा उगम सरळ आहे: फौज परमुलखातून जाताना घोड्यांचा घास आणि दाणा म्हणून गावाने जे द्यावयाचे ते. पुढे फौज आली नाही तरी रक्कम द्यावी लागू लागली. नागपूरकर भोसल्यांचा घासदाणा वऱ्हाड-मराठवाड्यात इतका रुळला होता, की पेशवे आणि जानोजी भोसले यांच्यात १७६९ साली झालेल्या कनकापूरच्या तहात औरंगाबाद प्रांतातील घासदाण्याविषयी स्वतंत्र कलम घालावे लागले. घोड्याच्या तोंडचा घास राजनैतिक तहात जाऊन बसला. एवढा लांबचा प्रवास करणारे शब्द आपल्या भाषेत थोडे असतील.

येथे एका रूढ मताचा परामर्श घेणे इष्ट होईल. मराठीतील लष्करी परिभाषा सर्वस्वी फारसी आहे, असे आपण सहज म्हणून जातो. माधव जूलियनांचा १९२५ चा फार्शी-मराठी कोश चाळला तर ते पटतेही. पण तळावरील शब्दांची वाटणी जरा बारकाईने केली असता निराळे चित्र दिसते. घोड्याच्या अंगावर जे चढते ते बहुधा फारसी-अरबी आहे: जीन, लगाम, रिकीब, खोगीर, नाल, तोबरा. त्याच्या पोटात जे जाते ते बहुधा देशी: गवत, चारा, वैरण, कडबा, हरभरा, कुळीथ. ‘दाणा’ सीमेवर उभा आहे, कारण फारसी ‘दाना’ आणि संस्कृत ‘धाना’ ही सख्खी भावंडे. ‘रातीब’ हा अपवाद खरा, परंतु त्याचा मूळ अर्थ खाद्य असा नसून नेमून दिलेले रोजचे मान असा आहे; तो तबेल्यातला नव्हे, दप्तरातला शब्द. हीच वाटणी तळाच्या हालचालीतही दिसते. कूच, मजल, मुक्काम हे हुकुमाचे शब्द बाहेरून आले. तळ, खुंट, दावे, अगाडी-पिछाडी, पाणवठा, उतार हे जमिनीशी बांधणारे शब्द घरचेच राहिले. (‘मेख’ फारसी आहे, हे मान्य.) हुकूम देणारा एक आणि गवत देणारा दुसरा, हे यावरून कोणास वाटले तर मी हरकत घेणार नाही, मात्र शब्दांच्या व्युत्पत्तीवरून समाजरचना सिद्ध होत नाही, हे पथ्य आपण पाळले पाहिजे.

रघुनाथपंत हणमंते यांच्या राज्यव्यवहारकोशाने शिवकालातच या यावनी शब्दांस संस्कृत पर्याय दिले. सेनेच्या शब्दांसाठी त्यात चतुरंगवर्ग हा स्वतंत्र वर्ग आहे. पण लगाम लगामच राहिला. मुक्काम तर इतका घरचा झाला की आज प्रत्येक मराठी पत्त्याच्या आरंभी ‘मु. पो.’ येते आणि त्यातला ‘मु.’ हा कोणे एके काळचा थांबा आहे हे ध्यानीही येत नाही. ‘बारगीर’ या शब्दाची गंमत याहून अधिक: फारसीत तो ओझे वाहणाऱ्या जनावरास लागतो, मराठीत दुसऱ्याच्या घोड्यावर बसणाऱ्या माणसास. स्वतःचे घोडे व हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार. आणि खोगिरात कोंबावयाच्या चिंध्यांवरून नालायक भरतीस ‘खोगीरभरती’ म्हणावयाचे, हे सांगणे नलगे.

आता हिंगोलीकडे वळू. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील डोंगराळ मुलखात हटकर नाईकांचे बळ मोठे होते. त्यांपैकी नौसाजी नाईकाच्या नाव्हा येथील गढीस जानेवारी १८१९ मध्ये मेजर पिटमन याच्या हाताखालील निजामाच्या फौजेने वेढा घालून ती घेतली. ही निजामाची फौज म्हणजे रेसिडेंट हेन्री रसेलच्या कारकिर्दीत इंग्रज अंमलदारांच्या हाताखाली नव्याने उभारलेली. तिचेच रूपांतर पुढे हैदराबाद कंटिंजंटमध्ये झाले. बोलारम, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, एलिचपूर यांच्याबरोबर हिंगोली हे तिचे एक प्रमुख ठाणे होते. १८५३ च्या तहाने या सैन्याच्या खर्चासाठी वऱ्हाड इंग्रजांकडे लावून देण्यात आले, आणि त्यात किमान पाच हजार पायदळ, दोन हजार घोडदळ व चार तोफखाने ठेवण्याचे ठरले. पैनगंगेच्या उत्तरेस इंग्रजी अंमल, दक्षिणेस निजामाचा, आणि दोहोंच्या काठाशी ही घोडी.

या घोडदळाची व्यवस्था शिलेदारीच होती. स्वार घोडे आपले आणी. चंदी-वैरणीचा खर्च पगारातून भागवावयाचा असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील शिलेदारी घोडदळात साधारणतः दोन स्वारांमागे एक मोतद्दार आणि एक तट्टू असे. मोतद्दाराने रोज रानात जाऊन गवत कापावयाचे आणि तट्टावर लादून आणावयाचे. लढाईच्या वर्णनांत हा मोतद्दार आढळत नाही. १८५८ साली सर ह्यू रोजच्या मध्य हिंदुस्थानातील मोहिमेत कंटिंजंटचे स्वार नावाजले गेले. त्यांची घोडी ज्यांनी पोसली त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

‘छावणी’ शब्दाचा अर्थ बदलला तो याच काळात. पूर्वी छावणी चार महिन्यांची असे आणि उरलेले आठ महिने तळ हलता असे. आजच्या गावावरचा भार उद्या पुढच्या गावावर. त्यात जुलूम होता, परंतु रानास पुन्हा फुटावयास अवधीही मिळे. फौज एका जागी बारमाही राहिली तेव्हा छावणी हा ऋतू न राहता स्थळ झाले, आणि भोवतालच्या गावांचे गवत बारा महिने एकाच दिशेने वाहू लागले. त्याबद्दल पैसे मिळत होते, बाजार वाढला, सदर बाजार वसला, निवृत्त शिपायांचा पेन्शनपुरा झाला, हेही खरे. घासदाण्याची जागा गवताच्या भावाने घेतली. हा बदल गावकऱ्याच्या फायद्याचा होता की नाही याचे एका वाक्यात उत्तर देणारा माणूस मला धाडसी वाटतो. पाऊसकाळ बरा असेल त्या वर्षी होता, दुष्काळात नव्हता, इतकेच म्हणता येईल.

१९०३ मध्ये कंटिंजंट हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाले. तिच्या रिसाल्यांतून विसावे डेक्कन हॉर्स, एकोणतिसावे व तिसावे लान्सर्स अशी पथके झाली आणि स्थानिक ठाण्यांशी असलेला त्यांचा संबंध तुटला. घोडी गेली, नावे राहिली.

महाराष्ट्रात घोड्यासह रानात तळ देणारे लोक आज शोधावयाचे तर धनगरांच्या ‘वाड्या’त शोधावे लागतात. वाडा म्हणजे येथे दगडी इमारत नव्हे. मेंढरांसह फिरणारा कुटुंबांचा समूह. त्याची तट्टे भांडी, वाघूर, कोंबड्या, कोकरे आणि लहान मुले वाहतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास निघावयाचे आणि पावसाच्या तोंडी परतावयाचे, हे त्यांचे चक्र जुन्या लष्कराच्या चक्राशी जुळते. फरक एवढाच की वाड्याचे शेतकरी स्वागत करतो, कारण मेंढरे शेतात बसविली की खत मिळते. घोडदळाच्या मागे लीद राहत असे, पण ती न्यावयास गावकरी तळाजवळ जात असेल असे वाटत नाही.

‘छावणी’ हा शब्द मात्र फिरून जनावरांकडे आला आहे. २०१२–१३ आणि २०१८–१९ च्या दुष्काळांत मराठवाड्यात, विशेषतः बीडसारख्या जिल्ह्यांत, ‘चारा छावण्या’ निघाल्या. गवत नाही म्हणून जनावरे गवताकडे नेली गेली. पुन्हा तात्पुरते छप्पर, पुन्हा ओळीने खुंट, पुन्हा माणशी नव्हे तर जनावरामागे मोजून दिलेला रातीब. त्या काळात शेतकऱ्यांची एक मागणी अनेकदा ऐकू येई: छावणी नको, दावणीला चारा द्या. दावण म्हणजे जनावरे ओळीने बांधण्याचा दोर. आणि त्या बोलण्यात तो स्वतःच्या गोठ्यातला होता.