दोन मनोरे आणि पाच नावं

मागच्या भागात काशीतल्या मराठी घाटांची यादी झाली. आज त्याच रांगेतल्या रामघाटाकडे जाऊ. हा घाट भोसले घाट आणि पंचगंगा घाट यांच्या मधला. इथल्या पायऱ्यांवरून उत्तरेला, म्हणजे प्रवाहाच्या दिशेनं पाहिलं की पंचगंगेवरची आलमगिरी मशीद दिसते. तिच्या जागी पूर्वी बिंदुमाधवाचं मोठं मंदिर होतं. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए 1665 मध्ये काशीत आला, तेव्हा ते उभं होतं. क्रूसासारखा आराखडा, चार सारख्या भुजा, मधोमध उंच घुमट असं वर्णन तो करून गेला आहे. त्यानंतर काही वर्षांतच औरंगजेबाच्या काळात ते पडलं.

मला हवं होतं असं की, या एका जागेची जुनी-नवी सगळी चित्रं एकत्र दिसावीत. म्हणून संग्रहालयांच्या ऑनलाइन सूच्यांमध्ये शोधायला बसलो. ‘रामघाट’ एवढंच लिहिलं तर चित्रकूट आणि उज्जैनही हजर होतात. ‘बिंदुमाधव’ लिहिलं तर फारच थोडं हाती लागतं. कारण इंग्रजांनी याच इमारतीला कधी ‘माधोरायचे मनोरे’ म्हटलं, कधी ‘औरंगजेबाची मशीद’. कुणी नुसतं ‘पंचगंगा’ लिहिलं, तर कुणी ‘बनारसचे घाट’. शहराची स्पेलिंगं आणखी वेगळी. एकच वास्तू पाच कप्प्यांत पडून आहे आणि कप्प्यांची एकमेकांशी ओळख नाही.

हीच अडचण युरोपात रोमच्या बाबतीत आली होती. 1946 मध्ये लंडनच्या वॉरबर्ग इन्स्टिट्यूटच्या फ्रिट्झ सॅक्सल यांनी रिचर्ड क्राउटहाइमर आणि कार्ल लेहमान यांच्यासह एक नोंदसंग्रह सुरू केला. प्रबोधनकाळातल्या कलावंतांना कोणत्या प्राचीन वस्तू माहीत होत्या, हा त्याचा प्रश्न. फिलिस बोबर यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं कार्डं लिहिली. त्यातली युक्ती साधी, पण मोलाची: नोंद आधी प्राचीन वस्तूची करायची, मग तिला पाहून काढलेली रेखाटनं आणि तिच्याविषयीचे मजकूर तिला जोडायचे. 1506 मध्ये रोमला लाओकोऑनचं शिल्प सापडलं. ते शोधा, की नंतरच्या कलावंतांनी काढलेली त्याची चित्रं पाठोपाठ येतात. चित्रकाराचं नाव ठाऊक असण्याची गरज नाही. काशीच्या बाबतीत तशी जोडणी मला हातानंच करावी लागली.

तर ताव्हेर्निएचा मजकूर ही पहिली कडी. मग विल्यम हॉजेस. तो 1781 मध्ये काशीत होता, आणि त्याचं बनारसच्या घाटांचं 1787 चं तैलचित्र लंडनच्या रॉयल अकादमीत आहे. त्यानंतर जेम्स प्रिन्सेप, बनारसच्या टांकसाळीतला अधिकारी, ज्यानं पुढे ब्राह्मी लिपी वाचली. त्यानं या मनोऱ्यांची डागडुजीही केली आणि 1830 च्या दशकात बनारसचे शिळाछाप चित्रसंग्रह प्रसिद्ध केले. मग 1860 च्या दशकात सॅम्युएल बोर्नसारखे छायाचित्रकार आले.

या सगळ्यांना बांधणारा धागा म्हणजे ते दोन उंच मनोरे. 1948 मध्ये त्यातला एक कोसळला, नंतर दुसराही उतरवला. म्हणजे फोटोखाली तारीख नसली तरी दोन्ही मनोरे शाबूत दिसले की तो 1948 च्या आधीचा. घराण्यातल्या जुन्या यात्रेच्या अल्बमलाही हे लागू पडतं. काशीयात्रेचे असे फोटो पुण्या-साताऱ्यापासून इंदूर-ग्वाल्हेरपर्यंत अनेक घरांत पडलेले असतील. मागे फक्त ‘काशी’ लिहिलेलं.

साताऱ्यावरून आठवलं, सध्याचं बिंदुमाधव मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधवलं. मशिदीजवळच आहे, पण शिखर नसल्यामुळे एखाद्या वाड्यासारखं दिसतं. म्हणून चित्रकारांचं त्याच्याकडे लक्ष गेलं नसावं, असं माझं मत. सगळ्यांची नजर मनोऱ्यांवर. मूर्ती त्या साध्या घरात, आणि सूचीत तिचं नाव मनोऱ्यांना चिकटलेलं, तेही ‘माधोराय’ होऊन.

तुमच्याकडे असा फोटो असेल तर आधी मनोरे शोधा. मग पायऱ्या पाहा: मनोरे दूर आणि मध्ये एखाद-दुसराच घाट असेल, तर फोटो काढणारा बहुधा रामघाटाच्या आसपास उभा होता.