एकनाडीची दोरी

मुलामुलीची नाडी एक निघाली की छत्तीसांपैकी आठ गुण एकदम जातात. वर्ण, वश्य, तारा, योनी, ग्रहमैत्री, गण आणि भकूट या सात कूटांचे मिळून अठ्ठावीस, आणि एकट्या नाडीचे आठ. हैदराबादेत गौलीगुड्यातल्या मराठी घरांत सोलापूरचं दाते पंचांग उघडलं जातं, बोट तक्त्यावरून फिरतं, आणि ‘एकनाडी आहे हो’ एवढ्यावर चांगली चांगली स्थळं परत जातात. अलीकडे या वाक्याला आणखी एक जोड मिळाली आहे: नाडी एक म्हणजे रक्तगट एक, आणि रक्तगट एक म्हणजे पुढे मुलांना त्रास.

मला या विषयाकडे ओढलं ते सिकंदराबादच्या एका तमिळ घरातल्या पत्रिकेनं. तिथे नाडीची चौकशी नव्हती, होती रज्जूची. रज्जू म्हणजे दोरी. आणि आपल्या परकराला, पायजम्याला असते ती नाडीही दोरीच. मग लग्नाच्या कामी दोन्हीकडच्या लोकांनी नक्षत्रं दोरीवरच मांडली होती की काय?

जन्मनक्षत्रावरून ठरणाऱ्या नाडीची मांडणी पाहा. अश्विनी आद्य नाडीची, भरणी मध्य, कृत्तिका अंत्य. इथून पुन्हा आद्यावर यायला हवं, पण तसं होत नाही. रोहिणी पुन्हा अंत्य, मृग मध्य, आर्द्रा आद्य. मग पुनर्वसू परत आद्य, पुष्य मध्य, आश्लेषा अंत्य. रांग टोकाला जाते आणि वळून मागे येते. आता रज्जू: अश्विनी पाय, भरणी कंबर, कृत्तिका पोट, रोहिणी कंठ, मृग डोकं. तिथून उतरण सुरू होते: आर्द्रा कंठ, पुनर्वसू पोट, पुष्य कंबर, आश्लेषा पाय. मघापासून परत चढण. एकीकडे तीन रेघा, दुसरीकडे माणसाचं अख्खं शरीर, पण दोन्हीकडे दोरी टोकाला नेऊन परत फिरवलेली. दोघांचा एक रज्जू आला तर तोही दोषच. या दोन पद्धती सख्ख्या बहिणी आहेत असं माझं ठाम मत आहे.

याला विरोधी मतं आहेत आणि ती हलकी नाहीत. पहिलं योगमार्गाचं: इडा, पिंगळा, सुषुम्ना या तीन नाड्या, म्हणून पत्रिकेतही तीन. संख्या जुळते, पण वळण जुळत नाही. शिवाय योगातली सुषुम्ना बाकी दोघींहून निराळ्या मोलाची आहे. कूटाच्या तक्त्यात मात्र तिन्ही नाड्यांना नऊ-नऊ नक्षत्रं सारखीच वाटलेली आहेत.

दुसरं मत कालमापनाचं. नाडी म्हणजे घटिका, दिवसाचा साठावा भाग, २४ मिनिटं. हे नाव पाण्याच्या घड्याळातल्या नळीवरून आलं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चार मासे सोन्याच्या चार अंगुळे लांब नळीतून पाणी गळू देऊन काळ मोजायची रीत सांगितली आहे. ज्योतिषाच्या इतिहासाचे अभ्यासक डेव्हिड पिंग्री हे घड्याळच बाबिलोनहून आलं असं म्हणत. वेदांगज्योतिषात सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसाचं प्रमाण तीनास दोन दिलं आहे, ते भारताच्या बहुतेक भागाला लागू पडत नाही, बाबिलोनच्या अक्षांशाला पडतं, हा त्यांचा मोठा आधार. युकिओ ओहाशी यांनी तेच प्रमाण उत्तर भारतातल्या निरीक्षणांतून समजावून सांगायचा प्रयत्न केला. वाद रंगतदार आहे, पण आपल्या कामाचा थोडाच. काळाची नाडी साठात मोजतात आणि कूटाची तिनात. या दोघींत नावापलीकडे नातं दिसत नाही.

तिसरं मत सर्वांत लोकप्रिय आणि आरोग्याशी थेट भिडणारं: आद्य म्हणजे वात, मध्य म्हणजे पित्त, अंत्य म्हणजे कफ. नवराबायकोची प्रकृती एकच असली तर संतती दुबळी, म्हणून एकनाडी टाळायची. आज ज्योतिषी हेच सांगतात आणि ऐकायला ते शास्त्रशुद्ध वाटतं. पण वैद्यानं मनगटावर तीन बोटं ठेवून वात-पित्त-कफ ओळखायचे ही नाडीपरीक्षा चरकात नाही, सुश्रुतात नाही, वाग्भटातही नाही. संस्कृत वैद्यकात ती पहिल्यांदा ठळकपणे भेटते ती शार्ङ्गधरसंहितेत, म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकाच्या आसपास. ती हकिमांच्या नब्जवरून आली, दक्षिणेतल्या सिद्ध वैद्यांकडून आली की चीनहून, यावर एकमत नाही. माझा कौल हकिमांना. नब्ज पाहण्याचं शास्त्र इब्न सिनानं अकराव्या शतकातच सविस्तर लिहिलं होतं, आणि शार्ङ्गधराच्या आधी ते वाटेत आलेलं होतं.

कूटाचा हिशेब मराठी पत्रिकेत पक्का करणाऱ्या ग्रंथांत रामदैवज्ञाचा ‘मुहूर्तचिंतामणि’ पहिल्या मानाचा. शके १५२२, म्हणजे इ. स. १६००, काशी. घराणं मूळचं विदर्भातलं. रामाचा थोरला भाऊ नीलकंठ अकबराच्या दरबारातला. त्याची ‘ताजिकनीलकंठी’ इत्थशाल, ईसराफ, सहम अशा अरबी शब्दांनी भरलेली आहे. या घरात परक्या विद्येला दार बंद नव्हतं. त्याच दशकात इकडे गोवळकोंड्याच्या मुहम्मद कुली कुतुबशहानं हैदराबाद वसवलं (१५९१) आणि दारुश्शिफा हे हकिमी रुग्णालय उभं केलं (१५९५). ते गौलीगुड्याच्या समोर, मुसीच्या पलीकडच्या तीरावर. ज्योतिषी, वैद्य आणि हकीम एकाच दरबारात बसत असलेल्या त्या काळात वैद्याच्या तीन बोटांनी जोशाच्या तीन रेघांचा ताबा घेतला असं मी मानतो. शब्द एकच होता, संख्या एकच होती. नातं जुळायला आणखी काय लागतं?

परकं आणि आपलं यांचा हिशेब मराठीत सर्वांत चिकाटीनं केला शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी, १८९६ च्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त. होरा, केंद्र, जामित्र हे ग्रीक शब्द त्यांनी नाकारले नाहीत, तरी एकंदर शास्त्राचा उगम इथलाच, हा त्यांचा कल. नाडीच्या बाबतीत मी दीक्षितांच्या बाजूचा आहे: दोरी इथली, वैद्यकाचा अंगरखा मागाहून चढवलेला.

आणि रक्तगटाचा अंगरखा तर कालपरवाचा. कार्ल लँडस्टायनरनं रक्तगट दाखवले १९०१ मध्ये, आर-एच घटक १९४० मध्ये सापडला. रक्तगटाच्या इतिहासात आपलंही एक पान आहे: १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत जो विरळा गट शोधला त्याला आज जगभर ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणतात. पण रक्तगट आईबापांकडून येतो, आणि नाडी ठरते जन्मवेळच्या चंद्रावरून. चंद्र साधारण रोज नक्षत्र बदलतो. एकाच आईबापांच्या तीन मुलांच्या तीन नाड्या असू शकतात. कुठलीही दोन माणसं घ्या, तिनांत एकदा नाडी एकच निघणार. शिवाय नवराबायकोचा रक्तगट सारखा असण्यानं बाळाला काही होत नाही. जपायचं असतं ते आई आर-एच निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असताना, म्हणजे गट वेगळे असताना, आणि त्यावर अँटी-डी इंजेक्शन १९६८ पासून आहे. ‘एक’ असणं खरोखर घातक ठरतं ते थॅलॅसेमिया आणि सिकलसेलमध्ये: दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता बाळ आजारी होण्याची. याच हैदराबादेत १९९८ पासून थॅलॅसेमिया अँड सिकल सेल सोसायटी त्या मुलांना रक्त देते आहे. विदर्भातल्या सिकलसेलग्रस्त घरांना हे सांगावं लागत नाही. आठ गुणांसाठी स्थळ मोडणाऱ्यांनी हिमोग्लोबिनची एक साधी तपासणी मागितली तर त्या मुलांचं दुःख खरंच टळेल, असं मला कळकळीनं वाटतं.

राहता राहिला माझ्या दोरीचा पुरावा. तो एकनाडीच्या परिहारात आहे. दोघांचं नक्षत्र एकच असलं पण चरण वेगळे असले तर दोष धरत नाहीत. नाडी म्हणजे प्रकृती असती तर एका नक्षत्राची जोडी सर्वांत वाईट ठरली असती, कारण त्याहून सारखी प्रकृती कुठली? पण जुने ग्रंथ या दोषाला नाडीवेध म्हणतात. वेध म्हणजे टोचणं: एका रेघेवरचं एक नक्षत्र दुसऱ्याला आरपार विंधतं. त्यासाठी रेघेवर दोन निरनिराळी नक्षत्रं लागतात. एकच नक्षत्र असेल तर कोण कुणाला विंधणार? हा परिहार ज्यानं लिहिला त्याच्या डोळ्यांसमोर शरीर नव्हतं, ओढलेली दोरी होती.