कर्कवृत्ताच्या वरचं वचन

डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरलं आणि दोन दिवसांत, १९ तारखेला, पोर्तुगालची साडेचारशे वर्षांची सत्ता संपली. एवढं आपल्याला शाळेपासून माहीत असतं. पण पोर्तुगाल हा नाटोचा संस्थापक सदस्य होता, आणि नाटोच्या करारानुसार एका सदस्यावरचा हल्ला हा सगळ्यांवरचा हल्ला मानला जातो. मग गोवा वाचवायला अमेरिका आणि ब्रिटन का धावून आले नाहीत?

पोर्तुगालच्या सालाझारनं तयारी तर आधीपासून केली होती. १९५१ मध्ये राज्यघटना बदलून त्यानं वसाहतींना 'सागरापारचे प्रांत' म्हणायला सुरुवात केली. म्हणजे गोवा ही वसाहत नाही, ते पोर्तुगालच आहे! डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालसोबतच्या संयुक्त निवेदनात 'प्रांत' हाच शब्द मान्य केला, तेव्हा भारतात संतापाची लाट उसळली होती.

पण करारातल्या कलम ६ नं हल्ल्याचा भूगोल ठरवून टाकला होता. युरोप, उत्तर अमेरिका आणि उत्तर अटलांटिकमधली कर्कवृत्ताच्या वरची बेटं. फ्रान्सनं आग्रह धरून अल्जेरियाचं नाव त्यात घालून घेतलं होतं. गोव्याचं नाव कुठंच नव्हतं. त्यामुळे अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान या चार नाटो देशांनी सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचा आणि भारतानं माघार घेण्याचा ठराव मांडला, सोव्हिएत संघानं त्यावर नकाराधिकार वापरला आणि विषय तिथंच संपला. पोर्तुगालच्या मित्रांनी हात वर केले ते फक्त मतदानासाठी.

लष्करी युती म्हणजे नेमकं काय, हे या प्रसंगातून चांगलं समजतं. युती म्हणजे कागदावरचं एक वचन. ते कुठं लागू होतं, कुणाविरुद्ध आणि किती, हे परिस्थितीप्रमाणे पुन्हा पुन्हा ठरवावं लागतं.

४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टनमध्ये १२ देशांनी या करारावर सह्या केल्या. त्याचं सगळ्यात प्रसिद्ध कलम ५ वाचताना भलतंच कडक वाटतं, पण त्यात एक पळवाट आहे. हल्ला झाल्यावर प्रत्येक देशानं 'स्वतःला आवश्यक वाटेल ती' कृती करायची आहे. त्यात सैन्य वापरणं येऊ शकतं, पण ते बंधनकारक नाही. युद्ध पुकारायचा अधिकार अमेरिकी काँग्रेसचा असल्यामुळे तिथल्या सिनेटला याहून घट्ट शब्द चालणार नव्हते.

मग युरोपनं या सैल वाक्यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा? उत्तर मिळालं कोरियात. १९५० मध्ये उत्तर कोरियानं दक्षिणेवर हल्ला केला आणि असंच जर्मनीत घडलं तर काय, ही भीती पसरली. तोवर नाटो म्हणजे बव्हंशी सह्यांचा कागद होता. १९५१ पासून आयझेनहॉवर यांच्या हाताखाली एकत्रित लष्करी नेतृत्व उभं राहिलं आणि अमेरिकी सैनिक युरोपात मुक्कामाला आले. पहिले महासचिव झाले लॉर्ड इस्मे. हे तेच इस्मे, जे १९४७ मध्ये दिल्लीत माउंटबॅटन यांचे चीफ ऑफ स्टाफ होते.

याच काळात आशियात 'सीटो' नावाची दुसरी युती निघाली. १९५४ मध्ये मनिला इथं झालेल्या या करारात पाकिस्तानही होता. पण तिला ना स्वतःचं सैन्य होतं, ना एकत्रित नेतृत्व. अमेरिकेनं तर सही करतानाच नोंदवून ठेवलं होतं, की आपली जबाबदारी फक्त कम्युनिस्ट आक्रमणापुरती. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत पाकिस्तानला त्याचा अर्थ नीट कळला. बांगलादेश युद्धानंतर तो बाहेर पडला आणि १९७७ मध्ये सीटो गुंडाळली गेली.

नाटो टिकली, पण भांडत भांडत. १९६६ मध्ये फ्रान्सनं एकत्रित लष्करी नेतृत्वातून अंग काढून घेतलं आणि मुख्यालय पॅरिसहून ब्रसेल्सला हलवावं लागलं. पुढच्याच वर्षी बेल्जियमचे परराष्ट्रमंत्री हार्मेल यांच्या अहवालानं युतीला नवं काम दिलं, संरक्षण आणि संवाद एकाच वेळी. सगळ्या हल्ल्यांना अणुबॉम्बचं एकच उत्तर देण्याचं जुनं धोरणही बदललं आणि हल्ला जेवढा तेवढं उत्तर, असं ठरलं.

खरी परीक्षा आली ती शत्रूच नाहीसा झाल्यावर. १९९१ मध्ये आधी वॉर्सा करार संपला, मग सोव्हिएत संघ. नाटोनंही दुकान बंद करायला हरकत नव्हती. पण युगोस्लाव्हिया पेटला होता. फेब्रुवारी १९९४ मध्ये बोस्नियाच्या आकाशात नाटोच्या विमानांनी चार सर्ब विमानं पाडली. युतीच्या इतिहासातली ही पहिली लढाई, आणि ती कुणाही सदस्याच्या रक्षणासाठी नव्हती. १९९९ मध्ये कोसोव्होच्या प्रश्नावर तिनं सुरक्षा परिषदेच्या परवानगीशिवाय सर्बियावर ७८ दिवस बॉम्बफेक केली. कोसोव्होतल्या अल्बेनियन लोकांच्या लेखी ती सुटका होती. पण त्या बॉम्बफेकीत शेकडो सामान्य नागरिक मेले, बेलग्रेडमधल्या चिनी दूतावासावरही बॉम्ब पडले. ज्या युतीला गोव्याच्या वेळी आपली सीमारेषा पक्की आठवत होती, तिनं आता रेषेबाहेर कधी जायचं हे स्वतःच ठरवायला सुरुवात केली होती.

कलम ५ आजवर एकदाच लागू झालं आहे, १२ सप्टेंबर २००१ रोजी. वचन दिलं होतं अमेरिकेनं युरोपला, पण ते पाळायची वेळ आली युरोपवर. रणगाड्यांच्या फौजा थोपवण्यासाठी लिहिलेलं वाक्य अपहृत प्रवासी विमानांना लावलं गेलं. नाटोची सात टेहळणी विमानं कित्येक महिने अमेरिकेच्या आकाशात गस्त घालत होती. २००३ पासून नाटो अफगाणिस्तानात उतरली. डेन्मार्कसारख्या छोट्या देशानं तिथं चाळीसहून अधिक सैनिक गमावले. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान काबूलमध्ये परतले, तेव्हा रेषेबाहेर जाण्याची पुरी किंमत अफगाण माणसांच्या पदरात पडली.

दरम्यान हल्ल्याची व्याख्याही बदलत होती. २००७ मध्ये एस्टोनियात सोव्हिएत काळातला एक पुतळा हलवण्यावरून दंगल झाली आणि पाठोपाठ बँका, वृत्तपत्रं, सरकारी संकेतस्थळं यांच्यावर सायबर हल्ले सुरू झाले. एकही गोळी सुटली नव्हती. मग हा हल्ला मानायचा का? २०१४ मध्ये नाटोनं ठरवलं, की मोठा सायबर हल्लाही कलम ५ च्या कक्षेत येऊ शकतो. किती मोठा, हे मात्र मुद्दाम सांगितलं नाही.

त्याच वर्षी रशियानं क्रिमिया घेतला आणि जुनाच धोका नव्यानं दारात आला. युक्रेनला २००८ मध्ये बुखारेस्टच्या परिषदेत सांगितलं गेलं होतं, की तुम्ही एक दिवस सदस्य व्हाल. तारीख दिली नव्हती. रशियाला डिवचायला तेवढं पुरेसं ठरलं, युक्रेनला वाचवायला मात्र नाही. २०२२ च्या आक्रमणानंतर पिढ्यान्‌पिढ्या तटस्थ राहिलेले फिनलंड आणि स्वीडन नाटोत आले आणि सदस्यसंख्या ३२ झाली. २०२५ मध्ये हेग इथं सदस्यांनी संरक्षण आणि सुरक्षेवरचा खर्च २०३५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ५ टक्क्यांवर नेण्याचं ठरवलं.

पण टक्केवारीपेक्षा बोलकी गोष्ट बाल्टिक देशांत दिसते. २०१७ पासून एस्टोनियात ब्रिटनच्या, लात्व्हियात कॅनडाच्या आणि लिथुएनियात जर्मनीच्या नेतृत्वाखाली नाटोच्या तुकड्या तैनात आहेत. सुरुवातीला एकेका तुकडीत साधारण हजारभर सैनिक होते. एवढ्यांनी रशियाची फौज अडणार नाही, हे मॉस्कोलाही ठाऊक आहे आणि लंडनलाही. पण हल्ला झालाच तर पहिल्या तासात मरणाऱ्यांमध्ये ब्रिटिश, कॅनेडियन आणि जर्मन पोरं असतील, आणि मग त्यांच्या सरकारांना 'स्वतःला आवश्यक वाटेल ते' या शब्दांच्या आड लपणं अवघड जाईल. यासाठीच ती तिथं बर्फात उभी आहेत.

१९६१ साली मांडवीच्या काठावर असा एकही इंग्रज किंवा अमेरिकी सैनिक पहाऱ्याला नव्हता.